तलावातलं वावर

“‘तलाव झाला आन माह्या जिंदगीत उजेड पडला.’ असं म्हना, आत्याबाई. आनखी एकडाव.”

वच्छलाबाईनं आणखी एकदा म्हटलं. पाठ केलेलं बोलताना तिचा आवाज शाळेतल्या पोरीसारखा एकसुरी व्हायचा आणि सरपंच पुष्पांजली कपाळाला हात लावायची. वच्छलाबाई नात्यानं तिची चुलतसासू, म्हणून आत्याबाई. नाहीतर पंचायतीच्या खुर्चीवर बसणाऱ्या बाईनं मजुरीला जाणाऱ्या बाईशी इतकं गोड बोलायचं काही कारण नव्हतं.

पाच देशांचे पाहुणे यायचे होते. जगभर पाणी कमी होत चाललंय म्हणून या देशांनी मिळून निधी उभा केला होता, आणि फिरत फिरत तो धाड गावाजवळच्या या खेड्यापर्यंत पोचला होता. त्यातून तलावातला गाळ निघणार, तो शेतकऱ्यांच्या वावरात पडणार आणि पुढच्या साली तलावात पाणी जास्त मावणार. सगळं बरोबर होतं. वच्छलाबाईलाही ते बरोबरच वाटत होतं. तिची अडचण वेगळी होती.

“सूनबाई, मले एक टॉली गाळ भेटन काय?”

“कितीकडाव सांगू, आत्याबाई? गाळ त्यालेच, ज्याच्या नावानं सातबारा हाय. पाहुन्यायचा नियम हाय तो. तुमच्या नावानं कुठं हाय वावर?”

“होतं न.”

“होतं हो. आता तलाव हाय.”

ते वावर वच्छलाबाईच्या नवऱ्याचं, भागवतचं. नाल्याकाठची काळीभोर जमीन. गावानं तलावासाठी जागा शोधली तेव्हा सगळ्यांची बोटं तिकडंच वळली. मोबदला मिळाला, तो पोरीच्या लग्नात आणि भागवतच्या दुखण्यात जसा आला तसा गेला. तलाव झाल्यावर तिसऱ्या उन्हाळ्यात भागवतही गेला. तेव्हा तलाव कोरडाठाक होता. आपल्याकडं शेतकऱ्याला त्याच्या वावरातच अग्नी देतात. लोक तिरडी घेऊन निघाले ते सवयीनं तिकडंच वळले. तळाशी उतरल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं, की हे आता वावर नाही, गावाच्या पिण्याच्या पाण्याची जागा आहे. पण खांद्यावर माणूस घेऊन मागं कसं फिरायचं? तिथंच अग्नी दिला, तिथंच दगड मांडला. पावसाळ्यात तलाव भरला तेव्हा बायकांनी दोन-चार दिवस नाकं मुरडली, मग घागरी भरल्या. तहान काय सोवळं पाळते?

तेव्हापासून वच्छलाबाईच्या मनात एक गोष्ट होती, जी तिनं कुणाला सांगितली नव्हती. उन्हाळ्यात तलाव आटू लागला की गाव काळजीनं काठावर उभं राहायचं, आणि तिला मात्र आनंद व्हायचा. आधी वावरातल्या जुन्या विहिरीचा कठडा वर यायचा, मग दगडाचा माथा. त्या दिवशी ती भाकरीचा तुकडा घेऊन चिखलातून जायची. परत येताना तिला स्वतःची लाज वाटायची. सारं गाव टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसलेलं, आणि ही नवऱ्याला भेटून आलेली.

आता मशीन सगळा तळ खरवडून काढणार होतं. दगड काय, उचलून आणता आला असता. पण भागवत दगडात थोडाच होता? तो त्या मातीत होता. त्यातली ट्रॅक्टरची एक टॉली आपल्या दारात पडावी, एवढंच तिला हवं होतं.

पाहुणे ऊन चढल्यावर आले. डफडं वाजलं, फेटे बांधून झाले, मशीनला झेंडूचा हार घातला गेला. प्रसेनजित नावाचा संस्थेचा कार्यकर्ता इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं सांगत घामाघूम झाला होता. त्यानं वच्छलाबाईला पुढं आणलं. बिचारी आधीच थकलेली. काल दिवसभर धसकटं वेचायचं काम, रात्री डोळ्याला डोळा नाही.

“तलाव झाला आन माह्या जिंदगीत उजेड पडला,” ती म्हणाली. टाळ्या झाल्या.

पाहुण्यांत एक उंच बाई होती, केनियाची. फेटा तिच्या भुवयांवर घसरला होता. ती टाळ्या वाजवायचं सोडून खाली वाकली, एक ढेकूळ उचलून तळहातावर चुरलं आणि त्याचा वास घेतला. वच्छलाबाई बघतच राहिली. या बाईच्या हाताला माती नवी नव्हती.

“मावशी, त्या विचारतायत, इथं आधी काय पिकायचं?” प्रसेनजित म्हणाला.

“तूर. कपाशी. धुऱ्यावर अंबाडी.” आणि मग न शिकवलेलंही ती बोलून गेली, “याच्यातली एक टॉली मले पाह्यजे, म्हना त्याईले. माहा मालक हाय या मातीत.” तिनं दगडाकडं बोट दाखवलं.

पुष्पांजलीनं डोळे वटारले. पण प्रसेनजितनं काही लपवलं नाही, जसंच्या तसं सांगितलं. केनियाची बाई दगडाकडं वळली. मग हळू आवाजात बरंच बोलली.

“त्या म्हणतात, हा नियम केला त्या बैठकीत त्या स्वतः होत्या. त्यांच्याकडं वीटभट्टीवाले गरिबांच्या नावावर गाळ उचलून न्यायचे. म्हणून ज्याची जमीन त्यालाच गाळ, असं त्यांनीच लावून धरलं. आज त्यांनीच तो मोडला, तर उद्या कुणाला नाही म्हणता येणार नाही. त्यांना वाईट वाटतंय, मावशी.”

“बराबर हाय त्याईचं,” वच्छलाबाई म्हणाली. “भट्टीवाले आपल्याकडंबी नेतेच.”

तिला खरंच राग आला नाही. राग यायलाही अंगात जीव लागतो. केनियाच्या बाईनं मातीनं भरलेल्या हातांनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तेवढ्यात मशीन सुरू झालं.

वच्छलाबाईनं मशीनवाल्याला हात करून थांबवलं, दगड हलवून बाजूला घेतला. त्या जागेची माती टॉलीत पडताना ती उभी राहून बघत होती.

“बाबू, ही टॉली कोनाची?” तिनं ट्रॅक्टरवाल्याला विचारलं.

“शंकररावाची.”

तिनं लुगड्याच्या धडप्याची चुंबळ केली, दगड डोक्यावर घेतला आणि धुरळा खात ट्रॅक्टरच्या मागं चालू लागली. पाहुण्यांची जेवणं लागली होती. तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

शंकरराव गावातला बडा शेतकरी. भागवतच्या बरोबरीचा, जिभेचा तिखट. तो आपल्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर उभा होता.

“वहिनी, हे काय डोक्यावर?”

“तुमचे भाऊ.”

“इकडं काऊन आनले?”

“माती इकडं आली न, भाऊ. मंग दगड तिकडं काय करन?”

शंकररावानं कपाळाला आठ्या घातल्या. “दुसऱ्याच्या वावरात कोनी दगड मांडते काय? उद्या तुमची पोरगी येईन आन म्हनन, ही आमच्या बापाची जागा हाय, सोडा.”

“नाई म्हननार. जागा नाई मांगत मी. धुऱ्यावर ठेवते. आडवा आला त द्या फेकून. निंदाले त मी येतेच तुमच्याकडं, तेवढीच भेट होईन.”

टॉली उलटली. काळी माती घसरत खाली आली, धुरळा उठला. शंकररावानं तोंडावर दुपट्टं धरलं. धुरळा बसला तरी वच्छलाबाई तशीच उभी होती, मानेच्या शिरा ताणलेल्या, हात दगडाला. त्यानं सांगितल्याशिवाय ती उतरवणार नव्हती.

“उतरवा आता,” तो शेवटी करवादला. “मान मोडन.”

आणि पुढं होऊन त्यानं स्वतःच हात लावला.

श्रावणात शंकररावाच्या वावरात कपाशी कमरेला लागली. गाळानं काम केलं होतं. बायका ओळीनं तण काढत, निंदत होत्या आणि वच्छलाबाई नेहमीसारखी थोडी मागं पडली होती. गुडघे आता साथ देत नव्हते.

“मावशी, तलाव भरला म्हनते,” कपाशीच्या पुढच्या तासावरून एकीनं सांगितलं. “कधी नाई एवढा.”

“बरं झालं,” वच्छलाबाई म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला ते मनापासून म्हणता आलं.

निंदत निंदत ती धुऱ्याशी पोचली. कोळपणीला डवऱ्याची पाळी घालताना शंकररावानं बैल दगडाच्या हातभर अलीकडूनच वळवले होते. तेवढी जागा तशीच राहिली होती आणि तिच्यात गवत माजलं होतं. वच्छलाबाई खाली बसली. ते गवत तिनं मुळासकट उपटलं, विळ्याची माती बोटानं पुसून दगडाच्या बुडाशी टाकली आणि पुढच्या तासाला लागली.