ऑयगेनची टकटक

ऑयगेन आयझेले गेल्यावर त्याची एकाहत्तर सालची पोर्श गाडी मागायला म्युनिकचे दोन दलाल येऊन गेले. त्याच्या पत्नीनं, मेख्टिल्डबाईंनी, ती मला दिली. मी लॅटिनचा निवृत्त मास्तर. त्यांनी माझ्यात काय पाहिलं, ते मला आजही कळलेलं नाही.

"एकच अट आहे, मास्तर," त्या म्हणाल्या होत्या. "शनिवारी दहा वाजता मी फुटपाथ झाडते. तेव्हा दारावरून जायचं. ऑयगेन फेरी मारून त्याच वेळेला परतायचा. मला आता दिसत नाही, पण कान आहेत."

जूनपासून मी शब्द पाळला. मी चढावर वळलो की त्या झाडू थांबवून मान वर करत. ऑयगेनने एकतीस वर्षं पोर्शच्याच कारखान्यात इंजिनं जोडली होती. हे इंजिन हवेवर थंड होणारं, पाण्याचं आवरण नसलेलं, त्यामुळे त्याच्या पोटातलं सगळं बाहेर ऐकू येई. त्यात एक बारीक टकटक होती.

त्या टकटकीनं माझी झोप उडवली. पुस्तकात लिहिलं होतं, व्हॉल्व्हची, म्हणजे इंजिनातल्या झडपेची, फट एक दशांश मिलिमीटर असावी. माझ्या हातून ऑयगेनची गाडी बिघडते आहे, असं मला वाटू लागलं. सप्टेंबरअखेर मी गोट्लोब मेकॅनिककडे गेलो.

"अहो मास्तर, टकटकणारा व्हॉल्व्ह जळत नाही," तो म्हणाला. "मुकाट झाला की घाबरायचं. ऑयगेननं मुद्दाम सैल ठेवला असणार."

"पण पुस्तकात..."

"मग पुस्तकच चालवा की!" असं म्हणूनही त्याने बाराही व्हॉल्व्ह पुस्तकाप्रमाणे बसवून दिले.

पुढच्या शनिवारी मी दारावरून गेलो. मेख्टिल्डबाई झाडतच राहिल्या. मी वळून पुन्हा आलो. त्यांनी मान वर केली नाही. शेवटी गाडी उभी करून मी खाली उतरलो.

"कोण? मास्तर? आज चालत आलात? गाडी बरी आहे ना? दहा वाजून गेले, मी वाट बघतेय."

मी खरं सांगितलं. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला.

"परत तसं करता येईल?"

त्या सहजपणे विचारत होत्या. पण नोव्हेंबरपासून बर्फासाठी रस्त्यावर मीठ पडतं, पत्रा गंजू नये म्हणून गाडी मार्चपर्यंत बंद असते, आणि बाईंचं वय शहाऐंशी होतं.

कोणता व्हॉल्व्ह आणि किती सैल, ते गोट्लोबलाही ठाऊक नव्हतं. फट लावायची तर इंजिन रात्रभर थंड झालेलं लागतं आणि आवाज ऐकायचा तर ते तापवावं लागतं. म्हणजे दिवसाला एकच प्रयत्न. गोट्लोब रोज सकाळी एक व्हॉल्व्ह फट मोजायच्या पत्तीनं केसभर सैल करी, मी डोंगरावरून फेरी मारून येई आणि आम्ही दोघं मागचं, इंजिनावरचं झाकण उघडून कान लावून उभे राहत असू. शनिवारी बाईंपुढे परीक्षा.

"नाही. हा कोणी तरी दुसरा."

पुढच्या शनिवारी: "जवळ आलात. पण ऑयगेन याहून हलका होता."

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार उजाडला. मी चढावर वळलो आणि नेहमीसारखा दुसरा गिअर घालताना कचरलो. गाडी कण्हली. मेख्टिल्डबाईंचा झाडू थांबला. त्यांची मान वर झाली.

मी धावतच खाली उतरलो. "जमलं?"

"नाही," त्या म्हणाल्या. "ऑयगेन नव्हे. तो आवाज गेला, मास्तर. आता शोधू नका."

मला माफी मागायची होती.

"पण या वळणावर दुसरा गिअर घालताना इतकं भिणारा माणूस गावात एकच आहे." त्यांनी झाडू पुन्हा उचलला. "मार्चमध्ये या. दहा वाजता. ओळखेन मी."

मीठ पडायच्या आधी मी गाडी गॅरेजमध्ये नेऊन ठेवली. गोट्लोबने विचारलं, व्हॉल्व्ह पुस्तकाप्रमाणे परत बसवू का. मी नको म्हटलं.