आधी मिचियोला

“इथंच मिचियोच्या चपलेचा पट्टा तुटला होता,” किल्ल्याच्या खंदकावरच्या पुलावर थांबून योशिनारी म्हणाला.

“सकाळपासून चौथ्यांदा,” फुसाए म्हणाली.

“पट्टा?”

“नाव.”

ऐकून न ऐकल्यासारखं करत तो पुढे चालू लागला. फुसाएनं गळ्यातला नवा निळा रुमाल सारखा केला. या रुमालासाठी तिनं गावी, तानाबेतल्या दुकानात तीन खेपा घातल्या होत्या. लग्नाला सहा वर्षं झाली, पण नवऱ्याबरोबर ओसाका बघायला ती आज पहिल्यांदाच आली होती. त्याआधीची सव्वीस वर्षं आलुबुखार खारवण्याच्या कारखान्यात गेली. पट्ट्यावरून फळं सरकायची आणि हिनं डागी तेवढी उचलायची. बावन्नाव्या वर्षी पाणीखात्यातल्या या विधुरानं मागणी घातली, तेव्हा कारखान्यातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या घरात एक बाई आधीच ठाण मांडून बसली आहे, हे मात्र एकीनंही सांगितलं नव्हतं.

ती बाई म्हणजे देव्हाऱ्यातला फोटो. बाहेरून आलेला खाऊ आधी तिच्यापुढे ठेवायचा, घंटा वाजवायची, हात जोडायचे, मग आपण खायचा. रीत घरोघरची होती आणि आईवडिलांच्या फोटोपुढे फुसाएनंही ती आनंदानं पाळली होती. पण सहा वर्षांत या घरात एकही डबा असा आला नाही, जो आधी हिच्यासाठी उघडला गेला. त्यातून फोटोतली मिचियो एकोणपन्नासची. फुसाए आता अठ्ठावन्नची झाली, केस पिकले, आणि सवत दरसाल हिच्याहून तरुण. फुसाएचा नुसता जळफळाट व्हायचा. जिवंत सवत परवडली असती, तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

दुपारी योशिनारी तिला बाजारातल्या एका जुन्या नूडल्सच्या दुकानात घेऊन गेला. म्हातारी मालकीण दारातच आली.

“अगं बाई, किती वर्षांनी! आणि वहिनी, तुम्ही तर ओळखूच येईनात. बारीक झालात की!”

फुसाएनं नवऱ्याकडे बघितलं. तो कोपऱ्यातल्या टेबलाकडे वळत म्हणाला, “वय झालं आता आमचं.”

फुसाएनं वाडग्यातलं सगळं संपवलं. बाहेर आल्यावर म्हणाली, “मी ती नव्हे, हे सांगितलं का नाहीत?”

“म्हातारी आहे गं. उगाच ओशाळली असती.”

“आणि मी?”

थोडं पुढे जाऊन तो बाकावर बसला आणि गुडघा चोळू लागला. “तू जा त्या मिठाईच्या दुकानात. ती तांदळाची, आलं घातलेली चिक्की घे. मिचियोला...” एवढं बोलून त्यानं जीभ चावली.

दुकानात चिक्कीचे लाल डबे छातीएवढे रचून ठेवले होते. फुसाए त्यांच्यासमोर मिनिटभर उभी राहिली. मग शेजारच्या काउंटरवरून तिनं एक मऊ, हलवला की थरथरणारा चीजकेक घेतला. हा तिला मनापासून आवडायचा आणि हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

“चिक्की संपली म्हणाले,” बाहेर येऊन तिनं सांगितलं.

“ओसाकात? चिक्की?”

“संपली म्हटलं ना.”

परतीच्या गाडीसाठी ते तेन्नोजी स्टेशनात शिरले, तर जिन्याशेजारच्या पहिल्याच टपरीवर तेच लाल डबे. योशिनारी थांबला. “इथं आहे की.”

“तिथंही होती,” फुसाए म्हणाली. तिचा आवाज एकदम चढला. “ढीगभर होती. मी खोटं बोलले.”

“अगं, पण का?”

“दर वेळी आधी ती खाते. आज मला आधी खायचंय.”

“फुसाए, ती जाऊन दहा वर्षं झाली.”

“म्हणून तर माझं काही चालत नाही ना तिच्यापुढे!”

दोन शाळकरी मुली वळून बघू लागल्या. योशिनारीनं टपरीकडे पाहिलं, मग हिच्या हातातल्या पिशवीकडे. चिक्की न घेताच तो फलाटाकडे चालू लागला. दोन तासांच्या प्रवासात फुसाएनं केकची पिशवी मांडीवरच धरली होती.

घरी आल्यावर त्यानंच चहा टाकला. केकचे दोन तुकडे कापले आणि दोन बशा टेबलावर ठेवल्या. फोटोच्या खोलीकडे गेला नाही.

“खा,” तो म्हणाला. “आधी तू.”

फुसाएनं चमचा उचलला. सहा वर्षं हवं होतं ते समोर होतं. योशिनारीनंही चमच्यावर घास घेतला, पण तो तोंडापर्यंत गेला नाही. मान खाली घालून तो बशीकडे बघत राहिला. त्याची हनुवटी हलत होती. त्यानं रुसावं, चिडावं, याची तिनं तयारी केली होती. असा तो तिला बघवेना.

तिनं आपल्या बशीतला मोठा घास तोडला, तोंडात टाकला, सावकाश खाल्ला. मग तीच बशी उचलून ती आतल्या खोलीत गेली, उष्टा तुकडा मिचियोपुढे ठेवला आणि घंटा वाजवली.

“खा आता,” आतूनच तिनं नवऱ्याला सांगितलं.