उजव्या काळजाची

पुण्याहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. आरतीने लेकीला मांडीवर पालथं घातलं, पाठीवर पहिली थाप दिली, तशा हातातल्या बांगड्या किणकिणल्या. तेवढ्यानेही चुलीपुढची लंकाबाई दचकली.

"मारती का काय पोरीला?"

"डॉक्टरबाईंनी थापटायला सांगितलंय, आत्या. रोज दोनदा. हिचा कफ आपसूक वर येत न्हाई."

लंकाबाई सासू, पण त्याआधी सख्खी आत्या. भावाची पोरगी तिने हट्टाने आपल्या लेकासाठी, गोकुळसाठी मागून आणली होती. सासुरवास कसा असतो, हे तळेघरच्या त्या घरात आरतीला कधी कळलंच नाही.

ईश्वरी आता सहा वर्षांची. जन्मली तेव्हा नर्सबाईंनी कानातली नळी छातीवर आधी डावीकडे लावली, मग उजवीकडे, आणि म्हणाल्या, हिचं काळीज उलट्या बाजूला आहे. लंकाबाईने ते गावभर केलं. देवाने खूण करून पाठवलेली पोर! भीमाशंकरला निघालेल्या बाया वाट वाकडी करून यायच्या, छातीच्या उजव्या बाजूला कान लावायच्या, हातावर खडीसाखर ठेवून जायच्या. भाताच्या रोपासाठी पाला-फांद्या पसरून राब भाजायचा, तर दरसाल पहिली काडी ईश्वरीच्या हातची. धूर अंगावर घेत पोर उभी राहायची, खोकून खोकून लाल व्हायची, आणि माणसं हात जोडायची. खोकला काय, जन्मापासूनचाच. डोंगरात कुणाच्या पोराचं नाक वाहत नाही?

काल पुण्याच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "शेतात काय करता? भात? मग वाऱ्याने भात कसा डुलतो, पाहिलंय ना? श्वासनळीच्या आतून तसेच बारीक केस असतात. ते सारखे डुलतात, कफ वर लोटतात. हिचे डुलतच नाहीत. आईच्या पोटात असल्याच केसांच्या हलण्याने काळीज डावीकडे जातं. हिच्यात तेही हलले नाहीत, म्हणून काळीज भलतीकडे गेलं."

"औषध?" गोकुळने विचारलं.

"बरं करणारं नाही. जपायचं. धुरापासून लांब ठेवा. फुप्फुसं टिकतील तेवढी टिकवायची." मग त्यांनी विचारलं, "नात्यात लग्न झालंय?"

"व्हय तर! सख्ख्या मामाची पोरगी हाय," गोकुळ म्हणाला. गावाकडे सांगतात तसंच, छाती पुढे काढून.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. आरतीच्या पोटाकडे पाहिलं. चौथा महिना.

"आई-बाप दोघांकडूनही एकच खोट आली की हा आजार होतो; नात्यात ती जुळण्याची शक्यता जास्त. चार मुलांत एकाला होण्याचा धोका, आणि तो दर खेपेला तेवढाच. तुमचं रक्त तपासायला पाठवते, वेळ लागेल. सोनोग्राफीत काळीज डावीकडे दिसलं, तरी निर्धास्त होऊ नका. हा आजार असलेल्या निम्म्या मुलांचं काळीज जागेवरच असतं."

परतीच्या सबंध वाटभर आरती ते शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा आठवत होती. मंचरच्या पुढे गाडीत बसायला जागा मिळाली, तरी ती उभीच राहिली होती.

"धुराचं कुनी बोललं न्हाई गं आमाला," लंकाबाई चुलीकडे बघत म्हणाली. चूल तिने सकाळपासून पेटवलीच नव्हती. "गोकुळला धा ठिकानं सांगून आली व्हती. म्याच अडून बसले. माज्या भावाचीच पायजे, म्हनलं. लई मिरवलं गं म्या."

तुमचा काय दोष, असं आरतीला म्हणायचं होतं. दोष तुमचाच, असंही. ती थापटत राहिली.

ईश्वरी खोकली, वाटीत थुंकली, दमून उताणी झाली. आरतीने पदराने तिचं तोंड पुसलं, घामाने चिकटलेले केस मागे सारले. पोरीने आईच्या पोटावर हात ठेवला आणि हसली.

"आई, आजी म्हनली व्हती, बाळ बी माज्यावानीच येनार. येईल ना गं?"