सेउमानूंचा फोन

मसुराच्या दाण्याएवढा हिरवा दिवा सेउमानूंच्या टेबलावरच्या नव्या फोनवर लुकलुकत होता आणि काचेपलीकडून वायोला श्वास रोखून पाहत होती — उचला, उचला ना... पण सेउमानू शांतपणे कोको पीत होते. वीस सेकंद. दिवा विझला. पलीकडच्या माणसानं कंटाळून फोन ठेवला होता. सकाळपासूनचा हा एकतिसावा.

या बोट कंपनीत लागून तिला जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि आज आठ वाजल्यापासून आपिया बंदरातल्या कचेरीतले चौदाही फोन तिच्या हाती होते — कुठला आधी वाजेल, किती वेळ, मग कुठं जाईल, सगळं समोरच्या पडद्यावर, एका बोटाखाली. क्रम लावताना तिनं विचारसुद्धा केला नव्हता. पहिला फोन सेउमानूंचा. ते गोदामाचे प्रमुख, पण त्याहून मोठं म्हणजे तिच्या गावचे थोरले मताई, कुळाचे प्रमुख. गावसभेत टेकून बसायचा त्यांचा खांब मानाचा, तिचे वडील चार खांब पलीकडे... त्यांच्याआधी काउंटरवरच्या पोरींचा फोन वाजवायचा? हात धजलाच नसता. आणि त्यांनी तरी स्वतः फोन कधी उचललाय? कुणीतरी उचलायचं, कोण आहे ते सांगायचं, मग ते बोलणार.

"दुपारची बोट रिकामी चाललीय, तिकिटांचे फोन कुणी उचलतच नाही," आपेरीला नावाचा मॅनेजर दारातून म्हणाला. "बारापर्यंत हे फोनचं जमव. नाहीतर लोसामावशी परत जुन्या बोर्डावर आणि तू धक्क्यावर तिकिटं फाडायला."

"मी काही पर्स उचललेली नाही अजून," लोसामावशी बिस्कीट खात म्हणाली. फोनचा जुना बोर्ड तीस वर्षं सांभाळून ती आज निवृत्त व्हायची होती.

वायोलानं पडद्यावरच्या यादीत काउंटरच्या पोरी वर घेतल्या, त्यांच्याखाली मॅनेजर आपेरीला. मग सेउमानूंचं नाव धरलं आणि खाली ओढलं — हिशेबनिसाच्या खाली, हमालांच्या खाली, पार तळाशी. नाव निमूट खाली आलं. तिला हसू फुटलं, आणि लगेच रविवार आठवला — चर्चनंतरचं जेवण, सेउमानूंचं पान पहिलं, ते वडिलांना सांगणार, वडिलांची मान खाली जाणार, माझ्यामुळे...

तरी ती गेली. त्यांच्याशी उभ्यानं बोलायचं नसतं, म्हणून टेबलाशेजारी जमिनीवरच बसली.

"तुमचा फोन आता शेवटी वाजेल."

"किती शेवटी?"

"दुसऱ्या कुणीच उचलला नाही तर."

ते कोको ढवळत राहिले. "सभेत मी कधी बोलतो गं?"

"सगळ्यांचं झाल्यावर."

"मग सकाळपासून मला पहिलं का बोलायला लावत होतीस?"

ते रागावलेत की थट्टा करताहेत, चेहऱ्यावरून काही कळेना. ती जागेवर परतली तेव्हा काउंटरवर तीन फोन एकदम वाजत होते, पोरी उचलत होत्या, नावं लिहून घेत होत्या... म्हणजे मी ज्याला मान समजत होते तो मान नव्हताच? मग आणखी काय काय मी नुसतंच धरून चाललेय? रविवारची भीती होतीच, पण तिची नजर पडद्यावरून हलेना. मॅनेजर आपेरीला, दुसरा. का दुसरा?