तिसऱ्या दिवसाची नोंद

प्रयोगशाळेतल्या मॅडम कामाला वाघ, हे दवाखान्यातलं कुणीही सांगेल. स्त्रीबीज आणि पुरुषबीज एकत्र आणून झालेले गर्भ काचेच्या बशीत, उबेच्या पेटीत वाढवायचे आणि पाचव्या दिवसापर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, ही त्यांची नोकरी. तिसऱ्या दिवशी गर्भ साधारण आठ पेशींचा असतो. पाचव्यापर्यंत तगला तो दमदार. तो पोटात रुजण्याची शक्यता जास्त. पण गर्भच मोजके असले, तर तिथली रीत साधी होती: तिसऱ्या दिवशीच पोटात ठेवून मोकळं व्हायचं. बशी ती शेवटी बशीच, आईचं पोट नव्हे.

कपडे शिवणाऱ्या एक बाई होत्या, सगळे त्यांना शिवणताई म्हणत. वय एक्केचाळीस, शेवटचा प्रयत्न, आणि गर्भ तीनच. त्यांचा तिसरा दिवस नेमका रविवारी आला.

आता बघा माणसाची हुशारी! सलग सात आठवडे मॅडमना सुट्टी नव्हती. शनिवारी त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "छान वाढताहेत सर. पाचव्या दिवसापर्यंत थांबूया का? यश जास्त मिळतं." एक अक्षर खोटं नव्हतं, खरं कारण तेवढं गिळलं होतं. डॉक्टरांनी मान डोलावली. तरी रविवारी येऊन नजर टाकायची होतीच. मॅडमनी तीही टाकली नाही.

मंगळवारी त्यांनी पेटी उघडली. तिन्ही गर्भ काळवंडून विरत चाललेले, पेशी मोजायच्याही पलीकडे गेलेले. रोजच्या नोंदींच्या तक्त्यात रविवारचा रकाना कोरा होता. मॅडमनी तिथे 'आठ पेशी, उत्तम' असं लिहून टाकलं. डॉक्टर म्हणाले, "पाचव्यापर्यंत न टिकणारे पोटातही टिकले नसते." बहुधा खरंच होतं ते. पण चोराच्या मनात चांदणं. त्या 'बहुधा'ने मॅडमची झोप उडाली.

आठवड्याने शिवणताई कागदपत्रं न्यायला आल्या, त्या थेट मॅडमच्या खोलीत.

"सासूबाई म्हणतात, मशीनवर वाकून बसले म्हणून गेले."

"अहो, गर्भ बशीत होते, पोटात होते कुठे!"

"तेच मी म्हटलं. तर म्हणाल्या, मग बीजच किडकं. यांनाही तसंच वाटतं, बोलत नाहीत इतकंच." शिवणताईंनी तक्त्याची प्रत काढली आणि रविवारच्या रकान्यावर बोट ठेवलं. "पण हे बघा, आठ पेशी, उत्तम! हे दाखवणार आहे मी घरी. म्हणजे माझ्यात अगदीच काही नव्हतं असं नाही ना?"

मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसावं, तर ही बाई जन्मभर स्वतःला खात राहणार. बोलावं, तर नोकरी जाणार, आणि तिच्या हातातली ती एक ओळही जाणार. शेवटी त्यांना राहवेना.

"चूक माझी आहे, ताई. तीनच गर्भ होते, रविवारीच ठेवायला हवे होते. मला सुट्टी हवी होती, म्हणून मी थांबायला लावलं."

शिवणताई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"रविवारी काय होतं तुमच्याकडे?"

"काही नाही. झोपले होते."

शिवणताईंनी पुन्हा कागदाकडे पाहिलं. "मग हे आठ कुणी मोजले?"

"कुणीच नाही."

"म्हणजे रविवारी ते जिवंत होते का नव्हते..."

"मला माहीत नाही. मी बघितलंच नाही."

शिवणताईंनी कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला.

"मग मी आता घरी काय दाखवू?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट बघत तिथेच उभ्या राहिल्या.