थोरल्या वहिनीचं काम कुणी करायचं

माणसं कशावरून भांडतील याला काही धरबंध नाही. बांधावरून भांडतात, नळाच्या पाण्यावरून भांडतात, ते एक वेळ समजू शकतं. पण साताऱ्याचे अनंतराव आणि कुंडलचे लालासाहेब हे दोन म्हातारे वीस वर्षं एका बाईवरून भांडत होते, आणि ती बाईसुद्धा खरी नव्हे, पिक्चरमधली! 'राखणीचा मळा' नावाचा एक जुना मराठी पिक्चर होता. त्यात गोदा नावाची थोरली वहिनी आहे. ते काम केलं होतं कुमुद राजवाडेनं. अनंतरावांचं म्हणणं, ते वत्सला बोरगावकरला द्यायला हवं होतं. लालासाहेबांचं म्हणणं, छट्, कुमुदच बरोबर. झालं. एवढ्यावर दर रविवारी सकाळी दहाला फोन लागायचा आणि तासाभरानं दोघांचेही कान तापलेले असायचे.

तुम्ही म्हणाल, मग पिक्चर लावून बघा की एकदाचा, म्हणजे सोक्षमोक्ष होईल. अहो, पण पिक्चर होता कुठं? सत्तर साली लागला, चार आठवडे चालला नि गेला. त्याच्या प्रिंटा कुठं जळाल्या, कुठं सडल्या, कुणाला पत्ता नव्हता. अनंतरावांनी तो साताऱ्यात बघितला होता, लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात, चारुशीलाबरोबर. परत येताना चारू म्हणाली होती, "सगळं छान होतं, पण थोरली वहिनी काही पटली नाही बाई. त्या कुमुदनं जन्मात कधी शेणात हात घातलाय का? वत्सला हवी होती." अनंतरावांनी मान डोलावली आणि ते मत पुढं जन्मभर स्वतःचं म्हणून वापरलं. नवरे असं करतात.

कोयनेच्या ऑफिसातून ड्राफ्ट्समन म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी एका पेपरात वाचकांच्या पत्रांत चार ओळी लिहिल्या होत्या. 'राखणीचा मळा' कुणी पाहिला असल्यास कृपया कळवावे. महिनाभरात एकच पोस्टकार्ड आलं, कुंडलहून. साखर कारखान्यात टाइमकीपर होते, असे एक लालासाहेब. 'मी पाहिला आहे. फार उत्तम. आपले मत कळवावे.' मग पत्रं, मग फोन. भेटू भेटू म्हणत भेट मात्र कधी झाली नाही. एकदा अनंतराव निघणार होते तर लालासाहेबांची म्हैस व्यायली, एकदा त्यांचा पाय मुरगळला. दर वेळी काहीतरी निघायचंच.

सहा वर्षांपूर्वी चारू गेली. त्यानंतर घरात फोन दोघांचेच यायचे. मुलगा मुकुल बंगळुरूहून करायचा आणि विचारायचा, बीपीची गोळी घेतली का? हो म्हटलं की त्याचं समाधान. बिचारा वाईट नव्हता, पण त्याच्याशी बोलून झाल्यावर फ्लॅट आधीपेक्षा रिकामा वाटायचा, हे खरं. लालासाहेबांनी वीस वर्षांत गोळीबद्दल अक्षर काढलं नाही. ते थेट विचारायचे, "काय वं, अजून वत्सलेचं खूळ गेलं न्हाई का डोक्यातनं?" की अनंतराव खुर्ची ओढून बसायचेच. चारूनं बघितलेला पिक्चर बघितलेला आणखी एक माणूस जगात आहे, एवढ्यावर त्यांचा आठवडा निघायचा.

आणि परवा मुकुलनंच मोबाइलवर एक लिंक पाठवली. 'बाबा, हाच का तो?' कुणा हौशी माणसाला कुठल्याशा गोदामात डबे सापडले होते, त्यानं ते साफसूफ करून यूट्यूबवर चढवले होते. वर नाव दिसत होतं, 'राखणीचा मळा'. अनंतरावांनी चष्मा लावून ते नाव दोनदा वाचलं. पण माणूस हट्टी! त्यांनी तो लावला नाही. बघायचा तर लालासाहेबांबरोबर, असं ठरवून टाकलं. त्यांनी लगेच फोन लावला.

"लालासाहेब, पिक्चर सापडला!"

पलीकडे बराच वेळ नुसती म्हैस ओरडत होती.

"कंचा?"

"कंचा काय? आपला! मी बुधवारी येतोय. मिळून बघू."

"आवं, माझ्या डोळ्याचं आपरेशन झालंय. पडदा सोसत न्हाई."

"ते दोन वर्षांपूर्वी झालं."

"दुसऱ्याचं करायचं हाय अजून."

"मग ज्याचं झालंय त्यानं बघा," अनंतराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

बुधवारी कराडला गाडी बदलून ते साडेअकराला कुंडलला उतरले. वीस वर्षं ज्याच्याशी कचाकचा भांडलो तो माणूस स्टँडवर छत्री घेऊन उभा होता. आवाजावरून धिप्पाड वाटायचा. होता बारकासा, टोपी कपाळावर आलेली. दोघांनी एकमेकांकडे बघून नमस्कार केला आणि पुढं काय बोलावं ते दोघांनाही कळेना. फोनवर कसे वाघ असायचे!

घरी लालासाहेबांची सून राणी होती. तिनं जेवायला वाढलं, मग टीव्हीला काहीतरी जोडलं आणि म्हणाली, "काका, आप्पा दोन दिस झोपलं न्हाईत बगा तुमी येणार म्हणून. नुसतं आत-बाहेर." लालासाहेबांनी तिला हातानं गप्प केलं. पिक्चर सुरू झाला. काळापांढरा, मधूनच पाऊस पडल्यासारख्या रेघा, आवाज घोगरा. अनंतरावांना बरं वाटलं. किती दिवसांनी शेजारच्या खुर्चीत कुणीतरी होतं.

पहिला तासभर ठीक गेला. गोष्ट लालासाहेबांना तोंडपाठ होती. "आता धाकटा शहरात जाणार," ते म्हणायचे. "आता बैल विकणार." बरोबर तसंच व्हायचं. फक्त ते जरा फारच पुढं सरकून बसले होते, आणि गड्याच्या मागं बकरी लागते तिथं इतके हसले की टोपी पडली. अनंतरावांना वाटलं, हसू देत.

मग हळदीचं गाणं लागलं आणि पडदा रंगीत झाला.

"आँ!" लालासाहेब खुर्चीतून अर्धे उठले. "आवं, ह्ये रंगीत झालं की वं!"

त्या काळी असं असायचं. सगळा पिक्चर रंगीत करायची ऐपत नसायची, मग एखादंच गाणं रंगीत काढायचे. सत्तर साली त्या ठिकाणी थिएटरात शिट्ट्यांनी कान किटले होते, आणि चारूनं अनंतरावांचं मनगट धरून म्हटलं होतं, "अगं बाई, रंगीत!" हे गाणं विसरणारा प्रेक्षक असूच शकत नव्हता. अनंतरावांनी लालासाहेबांना त्याबद्दल कधी सांगितलं नव्हतं. दोघांनी बघितलेलं, त्यात काय सांगायचं? बाकी गोष्ट त्यांनी शंभरदा सांगितली होती, पत्रांत नि फोनवर. हे तेवढं राहून गेलं होतं.

रंगीत गाणं संपलं, तसे अनंतराव त्यांच्याकडे वळले. मग म्हणाले, "लालासाहेब, तुम्ही हा पिक्चर बघितलेला नाही."

लालासाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "न्हाई."

"कधीच?"

"कवाच न्हाई."

"वीस वर्षं! वीस वर्षं तुम्ही मला..." अनंतरावांना पुढचा शब्द सुचेना. त्यांना शिव्या येत नव्हत्या, त्या दिवशी प्रथमच त्याचं वाईट वाटलं. "आणि कुमुद? कुमुदवरून माझ्याशी भांडलात ते? तिचं चालणं, तिचा आवाज, ती परक्या घरातली वाटते म्हणूनच बरोबर, ते सगळं?"

"तिचं दुसरं दोन पिक्चर बघितल्यालं. अंदाजानं सांगितलं." लालासाहेब टीव्हीकडे बघत होते. "आवं, तुमचं पत्र छापून आलं त्याच साली आमची मालकीण, मनुबाई, गेली. मी रिटायर. पोरगं कामाला जायाचं, ही राणी तवा घरात आली न्हवती. वाचनालयात बसून पेपर वाचायचो, जाहिराती धरून सगळा. त्यात तुमचं पत्र. शेवटी लिवलेलं, कृपया कळवावे. मला कारखान्यात तीस वर्षांत कुणी कृपया म्हणलं न्हवतं. कळवलं."

"मग खरं कळवायचं!"

"बघितला न्हाई असं कोन कळवतंय वं? आन् तुमी वत्सलेचं नाव घेतलं, म्हणून मी कुमुद धरली. मीबी वत्सलाच म्हणालो असतो, तर दोन मिनटात फोन ठेवाय लागला असता."

अनंतराव उठले. पिशवी घेतली, चपला घातल्या आणि दारात येऊन उभे राहिले. बाहेर ऊन मी म्हणत होतं. राणी स्वयंपाकघरातून म्हणाली, "काका, गाडी साडेचारला हाय. त्याच्या आधी न्हाई." मोठाच वांधा झाला. राग आलेल्या माणसाला निघून जाता येऊ नये यासारखी नामुष्की नाही. ते पुन्हा येऊन बसले, फक्त खुर्ची जरा लांब घेतली. पिक्चर चालूच होता.

त्यांच्या मनात एकच होतं. म्हणजे कुणीच नाही. चारू गेली, आणि आता मी एकटाच. ज्याच्या भरवशावर मी सहा वर्षं काढली, तो थिएटरातल्या त्या अंधारात कधी बसलाच नव्हता. त्यांना लालासाहेबांचा राग आला, मुकुलचा आला, त्या गोदामातल्या हौशी माणसाचा तर फारच आला. त्याला कुणी सांगितलं होतं डबे उघडायला?

मग तो प्रसंग आला.

भावाभावांच्या वाटण्या झाल्यात. धाकटा दीर बायकोपोरांसह निघून गेलाय. गोदा संध्याकाळी ताटं मांडते. सवयीनं दिराचंही मांडते, वाढते. मग तिच्या लक्षात येतं. नवरा बघत असतो. ती काही बोलत नाही, डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. ते ताट नुसतं स्वतःपुढं ओढते आणि जेवायला लागते. कुमुद राजवाडे खाली मान घालून एक घास खाते, दुसरा खाते, आणि कॅमेरा हलत नाही.

अनंतराव खुर्चीत पुढं सरकले. हा प्रसंग त्यांना आठवतच नव्हता! कसा आठवेल? लग्नाला दुसरा महिना. पिक्चरभर ते पडद्याकडे कमी आणि चारूकडे जास्त बघत होते. तिच्या नाकातली चमकी तेवढी त्यांना आठवत होती. अरे देवा, म्हणजे पिक्चर मीही बघितला नव्हताच की! आणि चारू त्या वेळी वीस वर्षांची पोर. त्या जादा ताटाचं तिला तरी काय कळणार होतं? ती चुकली होती. साफ चुकली होती. हे काम वत्सलेच्या बापाला जमलं नसतं. वत्सला रडली असती, पदर तोंडात धरला असता, भांडी आपटली असती. चारू गेल्यावर पहिले कितीतरी दिवस अनंतराव स्वतः दोन कप चहा करत होते, आणि दुसरा कप त्यांनी कधी ओतून दिला नव्हता. तोही मुकाट्यानं पिऊन टाकायचे. मुकुलला हे माहीत नव्हतं. कुमुद राजवाडेला कसं काय माहीत होतं, कोण जाणे.

पिक्चर संपला. लालासाहेब रडत होते, अगदी उघड, टोपीनं नाक पुसत. राणीनं चहा आणून ठेवला आणि सासऱ्याकडे बघून आत गेली.

"अनंतराव," लालासाहेब म्हणाले, "लय गुन्हा केला मी. तुमी मला काय बोलायचं ते बोला. फोनबी बंद करा, माझं काय म्हणणं न्हाई. पर आता मी बघितलाय. आता माझ्या डोळ्यानं बघितलाय. आन् आता शप्पत घिऊन सांगतो, कुमुदच! ते ताटाचं बघितलं का न्हाई तुमी?"

अनंतरावांनी चहाचा कप उचलून तोंडाला लावला.

"बोला की वं. अजून वत्सलाच का?"

होय म्हणायचं होतं त्यांना. म्हणायचं होतं, लालासाहेब, तुमचंच बरोबर, ताट ओढताना ती नवऱ्याकडे बघत नाही हे बघितलंत का, आणि दुसरा घास पहिल्यापेक्षा मोठा घेते ते? वीस वर्षांत बोलले नव्हते इतकं त्यांना त्या एका घासाबद्दल बोलायचं होतं. आणि मग? लालासाहेब खूश होऊन म्हणाले असते, मी म्हणत न्हवतो? दोघांनी माना डोलावल्या असत्या. साडेचारची गाडी. आणि रविवारी दहाला कशाबद्दल फोन करायचा? बीपीच्या गोळीबद्दल?

"वत्सलाच," अनंतराव म्हणाले.

"आवं डोळं हायत का बटणं?" लालासाहेब ताडकन उभे राहिले. त्यांचा आवाज फोनवरच्यासारखा झाला. "असलं ताट डोळ्यानं बघून वत्सला? गड्या, तुला मानूस म्हणायचं का काय म्हणायचं?"

"ताटाचं काय कौतुक सांगता? वत्सलानं त्या प्रसंगात थिएटर रडवलं असतं."

"रडवायचंच न्हाई तितं! तीच तर गंमत हाय!"

तीच तर गंमत होती. अनंतरावांना ती अगदी पोटातून पटली होती, आणि हे जगात फक्त एका माणसाला सांगण्यासारखं होतं. तो समोर उभा राहून, तोंडाला फेस येईपर्यंत त्यांना तेच समजावून सांगत होता. अनंतराव मान हलवून नाही नाही म्हणत राहिले.