पाणी न पिणारी जमीन

या, जरा जवळ सरकून बसा. आज कथा देवाची नाही, देवाच्या नावावर खपवलेल्या चिमूटभर पांढऱ्या भुकटीची आहे.

उताराच्या पायथ्याशी एका मावशींचं शेत होतं. त्या दिवशी गावात आलेले एक महाराज ते बघायला येणार, म्हणून बांधावर पाय ठेवायला जागा नव्हती. मावशींनी जमिनीवर तांब्याभर पाणी ओतलं, तर ते मुरेना. थेंबांचे मोती झाले आणि मातीवरून घरंगळत गेले. ढेकूळ फोडलं, तर आत कोरडं ठणठणीत.

"भूमाता रुसली आहे," महाराज म्हणाले. "या घरानं कुणा तहानलेल्याला पाणी नाकारलंय. आठव, बाई."

मावशी आठवू लागल्या. असं विचारल्यावर कुणाला काही आठवणार नाही? "उतारावर ते टँकर धुवायचं आवार आहे ना, तिथला एक गडी आला होता. घरात पाणी संपलं होतं, म्हणून उद्या ये म्हटलं."

"तोच," महाराज म्हणाले.

मग त्यांनी मातीवर अंगारा टाकला, पाणी ओतलं आणि जमीन ते गटागटा प्यायली. लोकांनी हात जोडले. खरं सांगतो, मीही जोडले.

"उद्याच पेर. घरात असेल नसेल तेवढं बी. हातचं राखलंस तर माता पुन्हा रुसेल."

मावशींच्या यजमानांनी बारा वर्षं निवडून निवडून घेवड्याचं एक वाण जपलं होतं. ते गेले, आणि तेवढं बी डब्यात उरलं. ते दुसऱ्या कुणाकडेच नव्हतं. मावशींनी डबा झटकून रिकामा केला.

चार दिवसांनी महाराज पुन्हा बांधावर आले, लोकही जमले, आणि नेमकी तेव्हाच मावशींची नणंद आली. तिची लाँड्री आहे. तिनं मूठभर माती उचलून नाकाला लावली.

"वहिनी, हा वास मला पाठ आहे. वरचे तेलाचे टँकर धुणाऱ्यांचे कपडे माझ्याकडेच येतात. हे तेल आहे. वरून ओघळत आलंय आणि मातीच्या कणाकणावर बसलंय. तेलकट कापडात पाणी मुरतं का?"

"मग अंगाऱ्यानं कसं मुरलं, वन्सं?"

नणंदेनं उरलेल्या अंगाऱ्याची पुडी पेल्यातल्या पाण्यात सोडली, वर तळहात ठेवून पेला हलवला. तो काठोकाठ फेसानं भरला. मग तिनं सगळ्यांसमोर आपली धुण्याची पावडर मातीवर भुरभुरली. पाणी तसंच मुरलं.

"म्हणजे आता तुमच्या पाया पडायचं का?" एका आजोबांनी विचारलं.

"पाया नको, आजोबा. धुणं आणून टाका."

महाराज म्हणाले, "फेस हे मातेचं हास्य आहे."

"मग माझ्या लाँड्रीत माता रोज खदखदून हसते."

महाराजांनी छत्री उचलली. लोक पोट धरून हसले. मावशी तेवढ्या हसल्या नाहीत.

"वन्सं, बी पेरलं मी. सगळं."

थोडंसंच उगवलं. बोटभर झालं, पिवळं पडलं, थांबलं. उपटून पाहिलं तर मुळं आखूड आणि तपकिरी. वरच्या आवारातल्यांनी फाटकाआडूनच सांगितलं, आमचं तेल खाली येत नाही.

नणंद पदराला हात पुसत राहिली. "पावडरीनं पाणी आत गेलं, वहिनी. तेल बाहेर आलं नाही. आणि मातीला काही पिळून वाळत घालता येत नाही."

माझी भक्ती तसूभर कमी झालेली नाही. पण देव धुण्याची पावडर वाटत फिरत नाही, एवढं मला कळतं. हात जोडायच्या आधी त्याच हातांनी माती उचला, हुंगा, विचारा. देवानं नाक दिलंय ते उगाच नाही.

मावशी मात्र सगळं कळूनही दाराशी भरलेला तांब्या ठेवतात. कुणी तहानलेला परत जाऊ नये म्हणून. तुम्ही कुणाला पाणी द्याल, तेव्हा त्यांची आठवण काढा. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, एवढं तरी तुम्ही लक्षात ठेवा.